बासीगावचा राणी

काकाच्या फ्लेक्सवर यंदा मोहफुलं वाळत पडली आहेत.

चौकात टांगला होता तेव्हा हा फ्लेक्स एवढा मोठा वाटला नव्हता. आता अंगणात पसरला तर तुळशीपासून थेट गोठ्याच्या दारापर्यंत पुरला. चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या आहेत. काकू सकाळी ऊन तापायच्या आधी मोहाखाली जाऊन टोपली भरून आणते, फ्लेक्सवर उपडी करते आणि हाताने फुलं पसरत जाते. छापलेली बाजू तिने वर ठेवली आहे. पांढरी बाजू वर केली तर, असं मी म्हणून पाहिलं. "मांगची बाजू खरबरीत हाय, बाई. फूल चिपकून बसते," ती म्हणाली. "हे बाजू चिकनी हाय." त्यामुळे काकाचा चेहरा सध्या फुलांखाली आहे. कडेला कोटाची एक काळी बाही दिसते आणि वर 'भावपूर्ण' एवढाच शब्द.

कोट काकाचा नाही. काकाने जन्मात कोट घातला नाही. गोंदियाच्या फ्लेक्सवाल्याकडे मेलेल्या माणसांसाठी कोट तयारच असतात. त्याने आधार कार्डावरचा चेहरा उचलला, धुतल्यासारखा उजळ केला, पांढऱ्या मिशा काळ्या केल्या आणि खाली कोट-टाय चिकटवला. डोक्याला सदान्‌कदा बांधलेला लाल दुपट्टा आधारच्या फोटोत नव्हता, म्हणून फ्लेक्सवरही नाही. पाहिलं तर एखाद्या बँकेचा मॅनेजर वारला असं वाटावं. खाली नाव : कै. श्री. रघुनाथजी, आणि पुढे आडनाव. माझ्या वडिलांचा हा सख्खा धाकटा भाऊ. वडील नोकरीपायी नागपूरला आणि मी दहावीपर्यंत इथे, काका-काकूच्या हाताखाली. तरी काकाचं नाव रघुनाथ आहे हे मला आठवावं लागलं.

मोहाचा वास ज्याला आवडतो त्याला आवडतो, बाकीच्यांचं डोकं दुखतं. माझं आता दुखतं. नागपूरने एवढं तरी बिघडवलंच. लहानपणी याच अंगणात, याच वासात दुपारभर झोपायचे, उठल्यावर केसांत फुलं अडकलेली असायची आणि मोहावर अस्वल येतं म्हणून काका म्हणायचा, "काऊन, तुह्या डोक्यात अस्वल शिरन."

काऊन म्हणजे मी. आमच्याकडे 'का' असं विचारायचं तर 'काऊन' म्हणतात, आणि मी पोरवयात प्रत्येक गोष्टीला काऊन म्हणायचे. तलावातलं पाणी हिरवं काऊन, बैलाला मिशी नाही काऊन. नाव पडलं. काकानेच पाडलं. शाळेच्या दाखल्यावर माझं छानसं नाव आहे, पण या गावात त्या नावाने मला कुणी हाक मारली तर मी मागे वळून पाहणार नाही.

गावाचंही तसंच. कागदावरचं नाव मी इथे लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. सडक अर्जुनीला हायवेवर उतरून ते नाव घेतलंत तर ढाबेवाला ट्रकवाल्याला विचारेल आणि ट्रकवाला ढाबेवाल्याला. पूर्वी 'बासीगाव' म्हटलं की कुणीही हात दाखवायचा. बासी म्हणजे रात्रीचा उरलेला भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी मीठ-कांद्याशी खायचा. किंचित आंबूस, गार, पोटाला थंड. शब्द छत्तीसगडकडून आला आणि खाणं आधीपासून होतंच. बासी सगळा मुलूख खातो. नाव मात्र आमच्यावर पडलं.

का पडलं, याचं उत्तर तुम्ही कुठल्या गावात विचारता त्यावर अवलंबून होतं. शेजारच्या गावात सांगत की बासीगावच्या लोकांनी एकदा अख्ख्या वरातीला शिळा भात वाढला, इतके ते चिक्कट. हे सांगणारं गाव म्हणजे 'उभे'. त्यांच्या दारात पाहुण्याला कुणी बस म्हणत नाही म्हणून त्यांना उभे म्हणत, तेव्हा त्यांनी बोलूच नये. पलीकडे 'भोंगे' होते, ज्यांना हळू बोलता येत नाही. त्यांचं म्हणणं वेगळं : एके वर्षी आमच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, कुणीच आलं नाही, रांधलेलं सगळं उरलं आणि गावाने पुढे कितीतरी दिवस बासीच खाल्ली. काका म्हणायचा, दोघेही खोटारडे. "आपन घरच्यापेक्षा जास्त रांधतो. कोनी आला त उपाशी जाऊ नये. कोनी नाही आला त सकारी बासी. असा नाव पडला." आणि ते खरंच होतं. काकू भाताला तांदूळ काढायची तेव्हा घरच्यांचे मापून झाले की शेवटी एक मूठ वर टाकायची. घरोघरी तेच. त्या वरच्या मुठीला काही नाव नव्हतं, आमच्याकडे ज्याला त्याला नाव पडत असूनही.

गोंदियाला तांदळाचं शहर म्हणतात, जिल्ह्याला तलावांचा जिल्हा. अशी नावं सरकारी पाटीवर येतात, बाजूला सारस पक्ष्याचं चित्र असतं. पडलेली नावं पाटीवर येत नाहीत. ती बाजारात हाक मारताना, बैलबंडीवरून ओरडताना, मयताला जाताना वापरायची. गावात एकाच नावाचे इतके लोक की त्यावाचून चालायचंच नाही. मेलं तरी काम करतो म्हणणारा आणि कधीच न करणारा सुतार तो 'उद्या'. गोंदियाच्या कोर्टात चकरा मारून म्हातारा झालेला तो 'तारीख'. प्रत्येक झुडपामागे वाघ पाहणारा तो 'नागझिरा'. पोरांना जेवायला बोलावताना जिचा आवाज तलावापलीकडे जायचा ती 'सायरन'. कुणी चिडायचं नाही असं नव्हतं. चिडायचे, पण चिडलं की नाव पक्कं व्हायचं, म्हणून शहाणी माणसं गप्प राहून पाहायची आणि तरीही ते पक्कं व्हायचंच.

माझा काका राणी होता. काकू राणीची बायको आणि माझा चुलतभाऊ विलास राणीचा पोट्टा.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लवकर येणारा हलका धान घरात आलेला असतो, उशिराचा भारी धान अजून शेतात उभा असतो, आणि प्रत्येक गाव आपापला दिवस ठरवून पाहुणे बोलावतं. घरोघरी सारवलेल्या अंगणाचा ओला वास, त्यात नव्या तणसाचा कोरडा वास, भज्यांच्या तेलाचा वास. उकडलेल्या शिंगाड्यांनी बोटं काळी व्हायची आणि ती फ्रॉकला पुसली म्हणून मार बसायचा. दुपारी वडाखाली दंडार. दंडार म्हणजे आमचं लोकनाट्य, रात्रीच्या मोठ्या नाटकासारखं पडदे-लाइटचं नाही. चार खांब, वर पळसाचे डहाळे, ढोलकी, झांज, आणि पुरुषच बाया झालेले.

त्यातल्या एका मंडईला काका राणी झाला होता. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. राजा दुसऱ्या गावचा, भोंग्यांपैकी, म्हणून आवाज दणदणीत. राजा दरबारात बसलेला, राणी रुसलेली, आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं की तलावाचा तुडूम उघडा राहिला. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीतून, बांधातून, शेतात पाणी सोडायची मोरी, आतून लाकडी बुचाने बंद करायची. खाली कापणीला आलेला भारी धान उभा. पाणी सोडणारा पाणकर दंडार पाहत बसला होता आणि तो उठेपर्यंत राणी निघाली होती. नऊवारी लुगडं, पत्र्याचा मुकुट, ओठांना रंग. पाळीवर चढली आणि सरळ तलावात उडी. दंडार सोडून सगळं गाव आणि सगळे पाहुणे पाळीवर. राजा तेवढा खांबापाशी उभा राहिला, कारण त्याला पुढचं वाक्य म्हणायचं होतं. त्याने ते तिथूनच म्हटलं, पाळीपर्यंत ऐकू जाईल असं : "राणी, माघारी ये."

हे असंच झालं का, ते मला माहीत नाही. माझ्या जन्माआधीची गोष्ट. उभे म्हणत की तुडूम वगैरे काही नव्हता, राणी बोलणं विसरली म्हणून पळाली. कुणी म्हणे म्हैस बुडत होती. काका दरवर्षी नवीन काहीतरी सांगायचा आणि विचारलं की आधीचं नाकारायचा. सगळ्यांच्या सांगण्यात एकच गोष्ट सारखी होती. राणी ओल्या लुगड्याने थरथरत परत आली, राजाने अंगातला मखमली झगा काढून तिला पांघरला आणि उरलेली दंडार तशीच पूर्ण झाली. त्या दिवसानंतर काकाने मिशी कधी काढली नाही, पण नाव काही मिशीला घाबरलं नाही. राजाचंही तेच झालं. तोही जन्मभर राजाच राहिला, दोन एकराचा.

झगा आमच्याच घरी राहिला. दर मंडईला राजा यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "राणी, माहा झगा दे." काका आतूनच म्हणायचा, "पुढच्या मंडईले." मग दोघं जेवायला बसायचे. मोहाच्या दिवसांत राजा आणखी एकदा यायचा, फुलं न्यायला, तेव्हाही तेच. मी अंगणात खेळत असले की झगा देत काऊन नाही, असं विचारायचे, आणि दोघंही इतके हसायचे की उत्तर राहून जायचं.

विलासला मात्र यात कधी हसू आलं नाही. तो सडक अर्जुनीच्या शाळेत गेला आणि तिथे बारा गावची पोरं. राणीचा पोट्टा म्हणून त्याने काय काय सोसलं ते त्यालाच माहीत. तो पुण्याकडे कंपनीत लागला, तिकडेच घर केलं. तिथे त्याच्या बापाचं नाव रघुनाथ आहे आणि त्यावर कुणी हसत नाही. तो चांगला मुलगा आहे. पैसे पाठवतो, फोन करतो, आई-बापाला न्यायलाही आला होता. काका गेला नाही. म्हणाला, तिथं मले कोन ओरखते.

गाव तोवर रिकामं होत आलंच होतं. एकेक घर नागपूर, रायपूर, हैदराबाद असं उठून गेलं. नावांचा अर्थ सांगणारे गेले आणि मग ती नावं वापरणारेही गेले. उद्या मेला तेव्हा 'उद्या गेला' म्हणत म्हातारे लोक मयताच्या घरात का हसत होते, ते त्याच्या नातवाला कळलं नाही. तलावाची पाळ अजून आहे. आम्ही कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात, पण आमच्या तलावात आता बेशरमाची झुडपं इतकी आहेत की पाणी शोधावं लागतं. मंडई भरते. वडाखाली डीजे लावतात. गेल्या मंडईला मी आले होते, काका खाटेवर होता, आणि डीजेच्या आवाजात राजाचं "राणी, माहा झगा दे" मला ऐकूच आलं नाही. काकाला आलं. त्याने ओठ हलवले.

त्या हिवाळ्यात तो एकच गोष्ट बोलायचा. आयुष्यभर तो प्रत्येकाच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला, गेला होता, पायी, सायकलीने, कुणाच्या गाडीवर लटकून. त्यामुळे त्याचा हिशेब साधा होता. काकूला म्हणायचा, "माह्या वक्ती बारा गावचे येतील. राजा त येईनच. भात कमी पडू देजो नोको." मरणाची त्याला फारशी भीती नव्हती. भात कमी पडायची होती. मलाही दोनदा बजावलं.

पौषात तो गेला. पूर्वी असं झालं की गावातून एक जण निघायचा आणि गावोगाव सांगत जायचा. दारात उभं राहून दोन शब्द, 'राणी गेला', की समोरचा हातातलं काम ठेवायचा. आता तसं सांगत फिरणारं कुणी नाही. विलास विमानाने आला आणि सगळं त्याने अंगावर घेतलं. फ्लेक्स त्याने गोंदियाहून करून आणला. फोनवर गटागटांत तेरवीचा निरोप पाठवला, त्यातही तोच कोटातला फोटो. मी म्हटलं, खाली राणी असं लिहू या का, लोकांना कळणार नाही. विलासने हातातला फोन उपडा ठेवला. मग म्हणाला, "जिंदगीभर राणी राणी झाला, ताई. निदान मेल्यावर त माणसाले त्याचा नाव मिळाला पाहिजे." त्याचे डोळे भरून आले होते. त्याचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

फ्लेक्स हायवेवरच्या चौकात लागला, जिथून बारा गावचे लोक जातात-येतात. गटांवर हात जोडल्याची चित्रं भराभर आली. विलास मला फोन दाखवायचा, बघ ताई, किती लोकांनी पाहिलं. पाहिलं होतंच. बारा गावच्या लोकांनी पाहिलं, हात जोडले आणि कुणी साहेब गेले असतील असं समजून ते आपल्या कामाला लागले.

तेरवीच्या दिवशी अंगणात चुलींवर मोठमोठे गंज, म्हणजे पातेली, चढले. काकूने सांगितलं होतं तेवढा भात, आणि वर मूठ नाही, टोपली. वांग्याची भाजी, वरण, बुंदी. पळसाच्या पत्रावळींचा ढीग भिंतीशी लावला होता. गावातले जे उरलेत ते आले, म्हणजे म्हातारे आणि थोड्या सुना. जेवले. मग आम्ही वाट पाहत बसलो. काकू दारातच बसली होती, तिथून रस्ता दिसतो. गाडीचा आवाज आला की ती पदर सावरायची. गाडी हायवेकडे निघून जायची. उन्हं कलली तेव्हा तिने एकदाच विचारलं, "राजाही नाही आला काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या गावाने बासी खाल्ली. गंजातला भात पाणी घालून ठेवला होता, तो घरोघरी वाटला. थंडीचे दिवस, भात नीट राहिला होता. सायरन आता खूप म्हातारी झाली आहे, तिने वाडगं पुढे करत म्हटलं, "राणीनं जाताजाता गावाचं नाव राखलं म्हना." मला ते भोंगे सांगायचे ती गोष्ट आठवली. ती खरी होती की खोटी याने आता काही फरक पडत नव्हता. विलासने बासी खाल्ली नाही. दुपारच्या गाडीने तो निघून गेला.

चौकातल्या फ्लेक्सचा कोपरा पुढे वाऱ्याने फाटला, वर दुसऱ्या कुणाचा वाढदिवस लागला, आणि ढाबेवाल्याने काकाचा फ्लेक्स गुंडाळून घरी पोचवला. एवढ्या महिन्यांत कुणी कुणाजवळ बोललं नसेल का, असा प्रश्न मला पडतो. पण बोलणार कोण? भोंग्यांच्या गावात तीन-चार म्हातारे आणि आमच्यात सहा-सात. बाजारात आता त्यांची पोरं मोटरसायकलवर जातात आणि पोरांना राणी माहीत नाही. काकूने मात्र मनात एकच धरून ठेवलं होतं. बाकीचे नाही आले तर नाही आले. राजा आला नाही. मोहफुलं पसरतानाही ती तेच पुटपुटत असते, आणि मी ऐकलं नाही असं दाखवते.

परवा सकाळी ती फुलं पसरत होती, मी खाटेवर बसले होते, आणि फाटकातून आवाज आला.

"राणी, माहा झगा दे."

राजा. काठी टेकत आलेला, पाठ वाकलेली, आवाज मात्र तोच. काखेत कापडी पिशवी. आतून उत्तर यायची तो वाट पाहत उभा राहिला, दरवर्षीसारखा, चेहऱ्यावर हसू तयार ठेवून. काकू फ्लेक्सजवळ बसल्या जागी थिजली. इतके महिने तिने त्याला काय काय ऐकवायचं ठरवून ठेवलं असेल.

"झोपला काय?" राजाने मला विचारलं.

"पिशवी द्या, राजाभाऊ," काकू म्हणाली. तिने पिशवी घेतली आणि फुलं भरायला लागली. दोन्ही हातांनी ओंजळ भरायची, पिशवीत टाकायची. ओंजळ ओंजळ फुलं उचलली तशी खालची जागा मोकळी होत गेली. आधी टाय, मग कॉलर, मग काळ्या मिशा. राजा वाकून पाहू लागला.

"हा साहेब इथं कसा आला?" तो म्हणाला. "याले त मी चौकात रोज हात जोडत होतो. चांगला मानूस दिसते म्हटलं."

काकूचे हात थांबले. "हा राणी होय," ती म्हणाली.

राजा काठीवर भार देऊन खाली बसला. बसायला त्याला वेळ लागला. चिकट झालेल्या चेहऱ्यावरून त्याने तळहात फिरवला, कपाळापाशी, जिथे दुपट्टा असायला हवा होता तिथे. काकूने त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा सगळा राग माझ्या डोळ्यांदेखत उतरला. तो उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. इतके दिवस निदान कुणावर तरी रागावता येत होतं.

"राणीले कोट कोनं घातला?" राजाने विचारलं.

"पोट्ट्यानं. चांगल्यासाठी घातला."

"केव्हा गेला?"

"पुसात."

"मले सांगाचा राहून गेला काय, वैनी?"

"सांगतला होता, भाऊ. चौकात लिवला होता."

"मले वाचता येते," राजा म्हणाला. त्याने बोट ठेवून फ्लेक्सवरचं नाव एकेक अक्षर वाचलं, आडनावासकट. मग वर पाहिलं. "पन हे नाव कोनाचा होय?"

काकू उठून आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती झगा घेऊन आली. लाल मखमल विटून तपकिरी झाली होती, जरीच्या जागी नुसते दोरे, आणि कडूलिंबाच्या वाळल्या पाल्याचा वास. तिने तो राजाच्या मांडीवर ठेवला. एवढ्या वर्षांत मागितलेली वस्तू शेवटी मिळाली, आणि तिच्याकडे पाहवत नसल्यासारखं त्याने तोंड फिरवलं.

"आता मांगू काय?" तो म्हणाला. "इथं येऊन म्हनू काय मी?"

"जेवून जा," काकू म्हणाली. "भात टाकते."

तिने टाकलाही. मी चुलीपाशी होते, तांदूळ काढताना तिचा हात मी पाहिला. आमच्यापुरते, मग राजाचे, मग सवयीने वरची मूठ. भात रटरटत होता तेव्हा अंगणातून काठीचा आवाज आला. मी बाहेर आले तर राजा फाटकाशी पोचला होता. झगा खांद्यावर टाकलेला. जेवल्याशिवाय तो या दारातून कधी गेला नव्हता. मी हाक मारली. तो वळला आणि मला निरखून पाहत म्हणाला, "तू कोन होय, बाई?"

"मी काऊन."

त्याने मान हलवली. आठवलं म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मग तो हायवेच्या दिशेने चालत राहिला. पाळीवरून, बेशरमाच्या झुडपांमधून बराच वेळ त्याचा लाल-तपकिरी खांदा दिसत होता. फुलांची पिशवी अंगणातच राहिली. काकूने ती परत फ्लेक्सवर ओतली आणि चेहऱ्यावर फुलं सारखी केली.

त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो आणि पुष्कळ भात उरला. काल सकाळी दोघींनी बासी खाल्ली. गार, किंचित आंबूस, कांदा तिखट होता. काकूने वाडगी धुतली, मग भाताचा मोठा गंज घासायला घेतला. फार वेळ घासला, राखेने, आतून-बाहेरून. उन्हात वाळवला. मग स्टुलावर चढून तो माळ्यावर उपडा घातला आणि तिथून एक लहान पातेलं काढलं, एका माणसाचा भात होईल एवढं. मी आज दुपारच्या गाडीने नागपूरला परत निघणार आहे, हे तिला माहीत होतं. पातेल्यातली धूळ तिने पदराने पुसली आणि ते चुलीजवळ ठेवलं.

काऊन, असं मी विचारलं नाही.